पार्श्वभूमी : आदिवासी ढोल आणि शंभर वर्षांची अट

मुंबईत जुन्या वस्तूंच्या बाजारात, मग तो मटण स्ट्रीट असो की ओशिवरा, कोरीव आदिवासी ढोल विकायला आला की पहिला प्रश्न असतो, किती जुना? कुठल्या गावचा, हे क्वचितच कुणी विचारतं. ही सवय बाजाराइतकीच कायद्यानंही लावली आहे.

पुरावशेषांच्या, म्हणजे जुन्या कलावस्तूंच्या, १९४७च्या कायद्याचा रोख फक्त निर्यातीवर होता. १९७२चा पुरावशेष कायदा ५ एप्रिल १९७६ला लागू झाला आणि विक्रीलाही परवाना लागू लागला. पुरावशेष ठरायला वय किमान १०० वर्षं; हस्तलिखितांना ७५. मूर्तिचोरी डोळ्यांपुढे असताना अशी ठाम रेघ हवी होती, हे मान्य. मूर्तीला शैली असते, ताम्रपटाला लेख. ढोलावर ना साल, ना करणाऱ्याचं नाव. शिवणीच्या झाडाचं खोड वाकसानं पोखरून केलेला सांगाडा पिढ्यान् पिढ्या टिकतो, पान, म्हणजे वाजवायचं कातडं, मात्र फाटलं की नवं चढतं, ते ताणणाऱ्या वाद्याही बदलतात. मग वय कशाचं धरायचं? कार्बन-१४ चाचणीही इथे फारशी कामाची नाही. साधारण १६५० ते १९५० या काळातल्या लाकडासाठी ती एकाऐवजी अनेक कालखंड दाखवते, आणि वय सांगते ते लाकडाचं, कोरीवकामाचं नव्हे. त्यात तेल-काजळी चोळून नवं लाकूड जुनं दाखवणं सोपं. त्यामुळे एकाच ढोलाची दोन वयं सांगण्यात फायदा दिसू लागतो: गिऱ्हाइकापुढे शंभरच्या वर, निर्यातीच्या कागदावर शंभरच्या आत. १९३०च्या आसपास कोरलेला अस्सल ढोल मात्र आज कायद्याच्या लेखी साधं लाकडी सामान आहे. ढोलालाही हीच शंभरची रेघ लावणं मला चुकीचं वाटतं.

ढोल गावापासून कसे तुटत गेले, तेही थोडक्यात. १८७८च्या वन कायद्यानं राखीव जंगलं आखली आणि मोठं झाड तोडण्याचा गावाचा हक्क आकसला. ईशान्येत १८७२पासून आओ नागांमध्ये बाप्टिस्ट मिशन आलं. धर्मांतरानंतर मोरुंग, म्हणजे तरुणांची सामाईक घरं, ओस पडत गेली आणि खोडाचे ढोलही मुके झाले. अख्खं झाड कोरून केलेल्या या ढोलाला कातडं नसतंच. आग लागली, हल्ला आला, की त्यावर ठोके पडत.

आता लोखंडी आणि फायबरचे ढोल सर्रास मिळतात, त्यामुळे लाकडी सांगाडा वाजवण्यापेक्षा विकण्याची वस्तू होत चालला आहे. वर काच ठेवली की सेंटर टेबल तयार.

चोरीच्या सांस्कृतिक वस्तूंबाबतचा १९७०चा आंतरराष्ट्रीय करार भारतानं १९७७मध्ये स्वीकारला, पण त्याचा संबंध देशांच्या सीमांशी. शंभरच्या आतला ढोल नागालँडमधल्या मोकोकचुंगहून मुंबईला आणायला पुरावशेष कायद्याचा एकही कागद लागत नाही. आओंचा खोडाचा ढोल कुणा एकाच्या मालकीचा नसतो, तो गावाचा किंवा खेलचा, म्हणजे गावातल्या एका वस्तीचा, असतो. एकट्यानं तो विकला, तर गावाची संमती होती का, हे विचारण्याची सोय या कायद्यात नाही. विक्रीच्या नोंदीत वयाच्या आधी गाव आणि देणारा, हे दोन रकाने यायला हवेत.