रनरिग: नाचाच्या बँडची पंचेचाळीस वर्षं

स्कॉटलंडमध्ये लग्नाची पार्टी संपत आली की शेवटचं गाणं बहुतेक ठरलेलं असतं, लॉख लोमंड. लॉख म्हणजे तळं. सगळी वऱ्हाडी मंडळी हात धरून मोठा गोल करतात, नवरानवरी मध्ये उभे, गाणं सुरुवातीला अगदी संथ आणि मग एकदा ड्रम पडले की अख्खा गोल ओरडत आत धावतो आणि परत मागे येतो, तोपर्यंत काका-मामा लोकांचे टाय सुटून हातात आलेले असतात. गाणं तसं जुनं लोकगीत आहे, कोणाच्या मालकीचं नाही, पण पार्टीत जे वाजतं ते बरेचदा रनरिग या बँडचं व्हर्जन असतं. हा बँड २०१८ मध्ये बंद झाला आणि बंद होताना ४५ वर्षांचा होता. आपल्याकडे फार कोणाला माहीत नाही म्हणून ही जरा मागची गोष्ट.

आधी नाव. रनरिग ही हायलँड्समधली, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागातली, शेतीची जुनी पद्धत. रिग म्हणजे जमिनीचा उंच केलेला लांबट पट्टा, आणि हे पट्टे कायमचे कोणा एकाचे नसायचे, ठरावीक काळाने गावात फिरवून वाटले जायचे, म्हणजे चांगली जमीन आणि खडकाळ जमीन आलटून पालटून सगळ्यांच्या वाट्याला यायची. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात जमीनदारांना मेंढ्यांत जास्त पैसा दिसायला लागला आणि त्यांनी कुळं हुसकावून लावली, गावंच्या गावं रिकामी झाली, कित्येक लोक जहाजात बसून कॅनडाला गेले. त्यांच्याबरोबर त्यांची गॅलिक भाषाही गेली आणि मागे जी राहिली ती आक्रसत गेली. २०११ च्या जनगणनेत स्कॉटलंडमध्ये गॅलिक बोलणारे जेमतेम ५७ हजार निघाले. आपल्याकडे एखाद्या तालुक्याच्या गावात याहून जास्त माणसं असतात.

आता १९७३. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या स्काय बेटावरची काही पोरं, रोरी आणि कॅलम मॅकडोनाल्ड हे दोन भाऊ आणि अ‍ॅकॉर्डियन वाजवणारा त्यांचा मित्र ब्लेअर डग्लस. ग्लासगोत नॉर्थ युइस्ट आणि बर्नरे या बेटांवरून पोटासाठी शहरात आलेल्या लोकांचं मंडळ होतं, अगदी आपल्या मुंबईतल्या कोकणी चाकरमान्यांच्या मंडळासारखं समजा, आणि त्यांच्या केल्व्हिन हॉलमधल्या कार्यक्रमात नाचासाठी बँड हवा होता. तो पहिला शो. नावसुद्धा रन रिग डान्स बँड. म्हणजे कुठलंही मिशन नाही, भाषा वाचवायची वगैरे घोषणा नाही, लोकांना नाचवायचं आणि घरी जायचं. मला वाटतं पुढचं सगळं नीट कळायला हा डान्स बँड शब्द डोक्यात ठेवावा लागतो.

पुढच्या वर्षी डॉनी मनरो गायक म्हणून आला, तोही स्कायचाच, पुढे चित्रकला शिकवणारा मास्तर. बेटांवरच्या गावातल्या हॉलमध्ये ‘केली’ नावाचा गाणी, गप्पा, नाच असा एकत्र कार्यक्रम असतो, तिथे हे लोक वाजवत फिरायचे. त्या काळात केल्टिक रॉक म्हणून बाहेर बरंच काही चालू होतं, आयर्लंडमध्ये हॉर्सलिप्स, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात अ‍ॅलन स्टिव्हेल हार्प घेऊन इलेक्ट्रिक बँडसोबत उभा राहत होता, पण स्कॉटिश गॅलिकमध्ये रॉक ही कल्पना कोणी फारशी केलेली नव्हती. गॅलिक म्हणजे चर्च, आजी, आणि वर्षातून एकदा होणाऱ्या स्पर्धेतली इस्त्री केलेली कॉयर, असं साधारण समीकरण.

१९७८ ला पहिला अल्बम आला, प्ले गॅलिक, आणि तो अख्खा गॅलिकमध्ये. ऐकायला तसा साधा आहे, गोड आहे, लोकसंगीताच्याच जवळ. त्याच वर्षी माल्कम जोन्स गिटार घेऊन आला आणि साउंड बदलला, हा माणूस इलेक्ट्रिक गिटारवर बॅगपाइपची वळणं काढतो, एक सूर धरून ठेवून त्यावर बारीक मुरक्या. पुढच्याच वर्षी द हायलँड कनेक्शन काढला तो स्वतःच्या रिज रेकॉर्ड्स या लेबलवर, कारण अशी गाणी छापायला मोठी कंपनी कोण येणार. लॉख लोमंड पहिल्यांदा त्याच अल्बमवर आलं. १९८० मध्ये इयन बेन ड्रमवर बसला, कॅलम ड्रम सोडून पर्कशनवर गेला. शब्द कॅलमचे आणि चाली रोरीच्या, गाणी बहुतेक या दोन भावांचीच, शेवटपर्यंत.

ऐंशीच्या दशकात इंग्रजी गाणी वाढली. इथे जुने फॅन अजून भांडतात, कोणी म्हणतं विकले गेले, कोणी म्हणतं नाहीतर बँड केव्हाच बुडाला असता. माझं मत दुसऱ्या बाजूला, पण अर्धंच. १९८७ चा द कटर अँड द क्लॅन हा माझ्या मते त्यांचा सगळ्यात भरीव अल्बम, इंग्रजी आणि गॅलिक शेजारी शेजारी, आणि कुठेही आम्ही बघा किती अस्सल असा आव नाही. त्याच वर्षी एडिनबराच्या मरेफील्ड स्टेडियममध्ये यू टू या प्रसिद्ध आयरिश बँडच्या आधी वाजवायला मिळालं. मग क्रिसलिस या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने करार केला, १९९१ चा द बिग व्हील ब्रिटनच्या अल्बम चार्टवर ४ नंबरला आणि १९९३ चा अमेझिंग थिंग्ज थेट २ नंबरला गेला. या मोठ्या कंपनीच्या काळातली काही गाणी मात्र जरा जास्तच पॉलिश केलेली वाटतात, कीबोर्डचा तो नव्वदीचा चकचकाट, आज ऐकवत नाही.

पण ऑन स्टेज ते कधी गुळगुळीत झाले नाहीत. १९९१ च्या जूनमध्ये खुद्द लॉख लोमंडच्या काठावर, बॅलोखला, ओपन एअर शो केला, चाळीस हजारांच्या वर माणूस होतं. तळ्याच्या काठावर तळ्याचं गाणं आणि गर्दी स्वतःच गातेय. मंडळाच्या हॉलमधला नाच होता तोच, फक्त हॉल मोठा झाला होता.

आणि एक गंमत १९९५ ची. १९८७ च्या अल्बममधलं एक गॅलिक गाणं, नावाचा अर्थ सगळ्यात उंचावरचं सफरचंद, कार्ल्सबर्ग बिअरच्या टीव्हीवरच्या जाहिरातीत वापरलं गेलं, लोक विचारायला लागले हे काय आहे, सिंगल काढली आणि ती ब्रिटनमध्ये १८ नंबरला पोचली. स्कॉटिश गॅलिक गाणं टॉप २० मध्ये जायची ही पहिलीच वेळ. शाळा, अनुदानं, भाषा समित्या सगळं एकीकडे आणि बिअरची जाहिरात एकीकडे!

मग १९९७ ला मनरो बाहेर पडला, राजकारणात. लेबर पक्षाकडून स्कायच्याच मतदारसंघात खासदारकीला उभा राहिला आणि लिबरल डेमोक्रॅट चार्ल्स केनेडींकडून हरला. ऑगस्टमध्ये स्टर्लिंगच्या किल्ल्यात निरोपाचा शो झाला. (चार वर्षांनी कीबोर्डवाला पीट विशार्टही बँड सोडून निवडणुकीला उभा राहिला, तो एसएनपीकडून, म्हणजे स्कॉटिश नॅशनल पार्टीकडून, आणि तो जिंकला. एका बँडमध्ये दोन पक्ष, टूरच्या बसमध्ये काय चर्चा होत असतील देव जाणे.)

गायक गेला की बँड संपतो असा साधारण नियम आहे. यांनी १९९८ मध्ये जो नवा माणूस आणला तो कॅनडातून, केप ब्रेटन बेटावरचा ब्रूस गथ्रो. केप ब्रेटन म्हणजे हायलँड्समधून हुसकावलेली माणसं जिथे जाऊन वसली त्यातलीच एक जागा, तिथे गॅलिक अजून थोडीफार जिवंत आहे. म्हणजे गाण्यांमध्ये जे जहाज इतकी वर्षं निघून जात होतं त्यातला एकजण परत आला म्हणा. गथ्रोला स्वतःला गॅलिक येत नव्हती, त्यामुळे ती गाणी रोरीकडे जास्त गेली, पण स्टेजवर तो असा गप्पा मारायचा की मनरोची आठवण काढणारे लोकसुद्धा हळूहळू वितळले. राहायचा कॅनडातच, टूरसाठी अटलांटिक ओलांडून ये-जा, आणि हे त्याने वीस वर्षं केलं. या काळात चार्ट वगैरे मागे पडले, क्रिसलिस नव्हती, परत आपलं रिज रेकॉर्ड्स, आणि पोट चाललं ते टूरवर, डेन्मार्क आणि जर्मनीत तर घरच्यासारखी गर्दी. डॅनिश माणूस गॅलिक कोरस पाठ करून गातोय, अर्थ कळत नाही, नाच कळतो.

एक प्रसंग आपल्याला जवळचा आहे. २००३ ची कोलंबिया शटल, कल्पना चावला ज्यात गेली तीच. तिच्याबरोबर लॉरेल क्लार्क नावाची अंतराळवीर होती, नौदलात डॉक्टर असताना स्कॉटलंडमध्ये पोस्टिंग झालेलं, तिथे ती रनरिगची फॅन झाली. त्यांच्या द स्टॅम्पिंग ग्राउंड अल्बमची सीडी ती वर घेऊन गेली, एका सकाळी यानात जागं करायला त्यातलंच गाणं लावलं. परतताना यान तुटलं, सातही जण गेले. पुढे अवशेषांत ती सीडी सापडली आणि तिच्या घरच्यांनी ती बँडला दिली. २०१६ च्या द स्टोरी या त्यांच्या शेवटच्या स्टुडिओ अल्बममध्ये तिच्यासाठी एक गाणं आहे आणि त्याच्या शेवटी तिचा स्वतःचा आवाज येतो. तो भाग मी एकदाच नीट ऐकलाय.

२०१३ मध्ये चाळिशी साजरी केली तेव्हा म्युअर ऑफ ऑर्डच्या मैदानावर मनरोही परत स्टेजवर आला. मग द स्टोरी आला आणि त्यांनी सरळ सांगून टाकलं, हा शेवटचा अल्बम. शेवटचा शो स्टर्लिंगमध्ये, यावेळी किल्ल्याच्या आत नाही तर किल्ल्याखालच्या सिटी पार्कमध्ये, १८ ऑगस्ट २०१८. तिकिटं संपली म्हणून आदल्या रात्रीचाही शो लावावा लागला. दोन रात्रींना मिळून नाव दिलेलं द लास्ट डान्स. गथ्रो २०२३ च्या सप्टेंबरमध्ये गेला, ६२ वर्षांचा होता.