एकपुच्छ आणि द्विपुच्छ चाचणी : निवड

परिकल्पना (तपासायचे गृहीतक) फरकाची दिशा सांगते की नुसता फरक, यावर संख्याशास्त्रीय चाचणी एकपुच्छ (वितरणाचे एकच टोक पाहणारी) की द्विपुच्छ (दोन्ही टोके पाहणारी) हे ठरते. ‘नव्या औषधाने रक्तदाब उतरतो’ ही दिशात्मक परिकल्पना. ‘औषधाने रक्तदाबात फरक पडतो’ ही दिशामुक्त.

सार्थकता पातळी (फरक नसताना तो आहे असे म्हणण्याच्या चुकीची मान्य केलेली शक्यता) 0.05, म्हणजे 5 टक्के, असेल तर द्विपुच्छ चाचणीत दोन्ही टोकांना 2.5-2.5 टक्के जातात आणि झेड या चाचणीच्या आकड्याचे क्रांतिक मूल्य (जे ओलांडले की निष्कर्ष सार्थक) ±1.96 येते. एकपुच्छ चाचणीत सगळे 5 टक्के एकाच टोकाला, म्हणून 1.645 पुरते. सरासऱ्यांची तुलना करणाऱ्या टी-चाचणीत 20 स्वातंत्र्यमात्रांना (नमुन्याच्या आकारावरून ठरणारी संख्या) हेच आकडे 2.086 आणि 1.725. टी 1.9 आला की एकपुच्छ चाचणीत निष्कर्ष सार्थक आणि द्विपुच्छ चाचणीत नाही. आकडे हाती आल्यावर चाचणी बदलण्याचा मोह होतो तो इथेच. तशी बदलली तर 5 टक्के म्हणून सांगितलेली चूक प्रत्यक्षात 10 टक्क्यांपर्यंत जाते. 80 टक्के शक्तीसाठी (खरा फरक असल्यास तो सापडण्याची शक्यता) एकपुच्छ चाचणीला नमुना सुमारे पाचव्या हिश्शाने कमी लागतो, हा फायदा मात्र खरा आहे.

निवड विदा (आकडेवारी) गोळा करण्याआधी, आराखड्यातच लिहावी. अपेक्षेच्या उलट निकाल आला तर काय करणार, हे आधी स्वतःला विचारावे. त्याची दखल घ्यावी लागणार असेल तर द्विपुच्छच. ‘आमची तशी अपेक्षा आहे’ एवढे कारण पुरत नाही. अमेरिकेतील ‘कास्ट’ चाचणीचा मूळ आराखडा एकपुच्छ होता, कारण हृदयविकाराच्या झटक्यानंतर ठोक्यांची अनियमितता दाबणारी औषधे जीव वाचवतील असे गृहीत होते. 1991 च्या अहवालात एन्केनाइड-फ्लेकेनाइड घेणाऱ्या 755 रुग्णांपैकी 63, तर प्लासिबो (औषध नसलेली गोळी) गटातील 743 पैकी 26 दगावल्याचे दिसले.

नवे औषध जुन्यापेक्षा फार वाईट नाही एवढेच दाखवायचे असते तिथे, किंवा पाकिटातले वजन किमान मर्यादेखाली गेले का हे तपासताना, एकपुच्छ चाचणी रास्त ठरते. औषधचाचण्यांत मात्र औषधनियमांत एकसूत्रता आणणाऱ्या आयसीएच या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 1998 च्या ई-9 मार्गदर्शिकेनुसार तिची पातळी 0.025 ठेवणे श्रेयस्कर मानतात.

सॉफ्टवेअरने दिलेले द्विपुच्छ पी-मूल्य (फरक नसताना इतका टोकाचा निकाल येण्याची शक्यता) एकपुच्छसाठी निम्मे करताना आधी फरकाचे चिन्ह पाहावे. दिशा उलटी असेल तर 0.04 चे 0.02 नव्हे, 0.98 होते. एक्सेलचे टी-टेस्ट सूत्र चिन्ह विचारातच घेत नाही. आर या संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअरमध्ये गट वर्णानुक्रमे लागतात, त्यामुळे ‘ग्रेटर’ (पहिला गट मोठा) लिहूनही भलतेच टोक तपासले जाऊ शकते. काय-वर्ग चाचणी (गटवार संख्यांची तुलना) आणि प्रसरण विश्लेषणातील (अनेक गटांच्या सरासऱ्यांची तुलना) एफ-चाचणी उजवे टोकच पाहतात, तरी दिशामुक्त असतात. त्यांचे पी-मूल्य दुप्पट करणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक.