स्क्रीनवर स्पेशालिस्ट आला म्हणजे डॉक्टर मोकळा झाला?

‘आता ई-संजीवनी आहे, सातपुड्यातल्या डॉक्टरला कसलं टेन्शन?’ नंदुरबारकडे हे हमखास ऐकू येतं. ई-संजीवनी म्हणजे व्हिडिओ कॉलवर डॉक्टरी सल्ला देणारी सरकारी सेवा. डॉक्टरच्या बर्नआउटबाबत, म्हणजे कामाच्या ताणाने खचून जाण्याबाबत, हे अर्धंच खरं आहे.

धडगावसारख्या डोंगराळ तालुक्यात रात्री दोनला धाप लागलेलं बाळ येतं, तेव्हा डॉक्टरला खातो तो एकटेपणा. ‘माझं चुकलं तर?’ पलीकडून बालरोगतज्ज्ञ नुसतं ‘बरोबर चाललंय, ऑक्सिजन चालू ठेवा’ म्हणाला, तरी जीव भांड्यात पडतो.

जबाबदारी मात्र हलत नाही. मार्च 2020 च्या टेलिमेडिसिन नियमावलीनुसार, एका डॉक्टरने दुसऱ्याचा सल्ला घेतला तरी उपचारांना जबाबदार विचारणाराच. त्यात रेंजसाठी मोबाईल खिडकीला टेकवा, आजीने पावरी या तिथल्या बोलीत सांगितलेलं दुखणं मराठीत समजून घ्या, ते स्क्रीनला सांगा, आणि मग नोंदी करत बसा. पलीकडचा स्पेशालिस्ट? त्याच्या दारात ओपीडीची रांग, आता स्क्रीनवर दुसरी. त्याच्या दमण्याचा हिशोब कुणी धरतच नाही.

मुळात बर्नआउट म्हणजे नुसता थकवा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-11 या आजारांच्या वर्गीकरणात तो आजार म्हणून नाही, तर कामावरच्या न आवरलेल्या ताणाचा परिणाम म्हणून येतो. त्याची लक्षणं तीन: गळून जाणं, कामाबद्दल मन विटणं, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. व्हिडिओ कॉल या तिसऱ्याला चांगला उतारा आहे. पहिल्याला नाही; तिथे रजेवर गेल्यावर खुर्चीत बसणारा दुसरा डॉक्टरच लागतो.