हातांची लाकडी खुर्ची

पाठ आणि दोन्ही कोपरे टेकवून बसता येईल अशी एका माणसाची खुर्ची. सुतारकामात ती अवघड समजली जाते, कारण तिच्यात काटकोन थोडे आणि सांध्यांवर ताण फार. माणूस मागे रेलला की सगळा जोर मागचा पाय आणि बैठकीखालची बाजूची पट्टी जुळतात तिथे येतो. खुर्ची खिळखिळी होते ती बहुधा याच सांध्यात.

बैठकीची पुढची कड जमिनीपासून ४२ ते ४५ सेंमी, मागे ३ ते ५ अंश उतार, पाठ बैठकीशी १०० ते १०५ अंशांत. हात बैठकीपासून २० ते २३ सेंमी वर. त्याहून उंच ठेवले तर खांदे चढलेले राहतात. मापे ठरली की प्लायवूडवर पूर्ण आकाराचा आराखडा काढावा, टाकाऊ लाकडाचा सांगाडा ठोकावा आणि त्यावर अर्धा तास बसून पाहावे. ही पायरी गाळू नये.

लाकूड साग, शिसम किंवा ओक. ओलावा ८ ते १२ टक्के. मागचा पाय बाकदार असतो. लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, त्या बाकाबरोबर धावली पाहिजे. ती आडवी तुटली असेल, तर पाय तिथेच मोडतो.

सांधा कुसू आणि खाचेचा. कुसू म्हणजे पट्टीच्या टोकाला काढलेली जीभ, ती पायातल्या खाचेत बसते. पट्टी २५ मिमी जाड असेल तर कुसू ८ मिमी जाड आणि निदान ३० मिमी लांब. खाच त्याहून २ मिमी खोल, म्हणजे जादा सरसाला जागा मिळते. बैठक मागे निमुळती असल्याने बाजूच्या पट्टीच्या कुसवाचा खांदा, म्हणजे पायाला टेकणारी कड, काटकोनात येत नाही, सुमारे ५ अंश तिरका येतो. घाईत दोन्ही पट्ट्या डाव्या बाजूच्याच कापल्या जातात, म्हणून कापण्याआधी दोन्ही शेजारी ठेवून खुणा करायच्या. कुसू हाताच्या दाबाने बसावा. हातोडा लागला तर खाच फाटते, आपोआप घसरला तर सरस तो धरून ठेवत नाही.

सरस लावण्यापूर्वी सगळी खुर्ची कोरडी जोडावी आणि बैठकीचे कर्ण मोजावेत; ते सारखे नसतील तर चौकट तिरपी आहे. आधी पुढची आणि मागची चौकट चिकटवून सुकू द्यायची, मग बाजूच्या पट्ट्या, शेवटी हात. अखंड फळीची बैठक मात्र सरसाने जखडू नये. ती दमट हवेत रुंदावते, कोरड्या हवेत आकसते आणि जखडलेली असली तर चिरते. लांबट भोकांतून स्क्रू घेतले की तिला हलायला वाव राहतो.

शेवटी जवसाचे तेल, पातळ थरांत, प्रत्येक थर पूर्ण सुकल्यावर पुढचा. तेल लावलेले कापडाचे बोळे चुरगळून टाकू नयेत, ते आपोआप पेटू शकतात. पाण्यात भिजवावेत किंवा मोकळे पसरून वाळवावेत.