पार्श्वभूमी : 'क्षार' म्हणजे नक्की काय?

माती तपासून आणली की अहवालात दोन रकाने शेजारीशेजारी येतात, 'सामू' (म्हणजे पीएच) आणि 'क्षारता'. सामू 8.4, क्षारता 0.4. सामू सातच्या वर, म्हणजे जमीन आम्लाच्या उलट बाजूची. मग क्षारता एवढीशी कशी? सगळा घोळ 'क्षार' या एका शब्दात आहे.

जुन्या शल्यग्रंथांतला क्षार हे जाळणारं औषध. वनस्पतींची राख पाण्यात कालवायची, गाळायची, आटवायची आणि त्यात भाजलेल्या शंखशिंपल्यांची पूड घालायची. राखेतल्या पोटॅशियम कार्बोनेटचं या चुन्यामुळे कॉस्टिक, म्हणजे जाळणारं, पोटॅश होतं. हिंदीने हाच अर्थ धरून ठेवला. तिथे क्षार आम्लाच्या विरोधात उभा, आणि मीठवर्गाला लवण. मराठी बोलण्यात मात्र दोन्ही अर्थ एकमेकांत मिसळून गेलेले. 'खार' हे क्षारचंच रूप. पण पापडखार अल्कधर्मी आणि खारट म्हणजे मिठाच्या चवीचं. बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरला की ते 'क्षाराचं पाणी'.

पाठ्यपुस्तकांनी क्षार हा शब्द मिठांना देऊन टाकला आणि बेससाठी 'आम्लारी', म्हणजे आम्लाचा अरी, घेतला. मराठीतल्या मोठ्या ज्ञानकोशाने वेगळी वाट धरली: बेस म्हणजे क्षारक, सॉल्ट म्हणजे लवण. माझं मत कोशाच्या बाजूने. पण अहवालातली 'क्षारता' ही मिठांचीच, पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून काढलेली.

सामूची गोष्ट त्यामानाने सरळ. 1909 साली कोपनहेगनमध्ये, एका बिअर कंपनीच्या प्रयोगशाळेत एन्झाइमवर काम चालू असताना, हायड्रोजन आयनांसाठी शून्यांच्या माळेऐवजी लॉगरिदमचा एक आकडा वापरात आला. 'पीएच'मधल्या 'पी'चा अर्थ काय, यावर हौशी लोक अजून भांडतात.

खरी किंमत मोजावी लागते ती शेतात. 1954 च्या एका अमेरिकन हस्तपुस्तिकेतले निकष आपल्याकडेही रुळले. संपृक्त अर्काची (पाण्याने पुरती भिजवलेल्या मातीतून काढलेल्या पाण्याची) वीजवाहकता 4 डेसिसीमेन्स प्रति मीटरच्या वर गेली तर जमीन खारवट, सामू 8.5 च्या वर आणि चिकणमातीला चिकटलेल्या आयनांत सोडियम 15 टक्क्यांहून जास्त असेल तर चोपण. (नेहमीच्या तपासणीत 20 ग्रॅम माती 50 मिली पाण्यात ढवळतात, तो आकडा थेट या 4 शी ताडून पाहू नये.) बोलताना दोन्हींना सरसकट 'क्षारपड' म्हणतात. खारवट जमिनीला चर काढून भरपूर पाणी दिलं की मीठ धुऊन जातं. मीठ आणि सोडियम दोन्ही जास्त असलेल्या खारवट-चोपण जमिनीत तेच केलं तर मीठ जातं, सोडियम तिथेच राहतो, माती फुगते, छिद्रं बुजतात आणि पाणी वरच तुंबतं. तिथे जिप्सम टाकून कॅल्शियमने सोडियम हटवायचा आणि मग पाणी सोडायचं.