गॅल४ लाईनवर काम सुरू करताय? खाद्याची ऑर्डर देण्याआधी हे वाचून घ्या

नमस्कार, सांगली-मिरज आणि कराडकडच्या कॉलेज लॅबना आम्ही ड्रोसोफिलाचं (लॅबमध्ये वाढवतात ती छोटी फळमाशी) तयार खाद्य, व्हायल, कापसाचे बोळे आणि छोटे इनक्युबेटर देतो. (आंब्या-पेरूच्या बागेसाठी फळमाशीचे ट्रॅप आमच्याकडे मिळत नाहीत, ती माशीच वेगळी, फोन सारखे येतात म्हणून आधीच सांगितलं.)

हल्ली एम.एस्सी. प्रोजेक्टवाल्यांचा ठरलेला प्रश्न असतो, जीन नेमकी कुठल्या टिश्यूत चालू आहे ते बघायचं कसं? या माशीत प्रोटीन बनवणाऱ्या जीन साधारण १४,००० आणि त्या जवळपास प्रत्येक पेशीत असतात, पण डोळ्यातली पेशी त्यातल्या वेगळ्या वापरते, स्नायूतली वेगळ्या. १९९३ साली अँड्रिया ब्रँड आणि नॉर्बर्ट पेरिमॉन यांनी यासाठी गॅल४-यूएएस पद्धत आणली आणि आजही बहुतेक लॅब तीच वापरतात. गॅल४ हे मूळ यीस्टमधलं प्रोटीन. एका लाईनमध्ये (म्हणजे माश्यांच्या एका वाणात) ते ठराविक टिश्यूतच बनतं, दुसऱ्या लाईनमध्ये यूएएसला (गॅल४ जिथे चिकटतं तो डीएनएचा तुकडा) जोडलेली जीएफपी (हिरव्या चमकणाऱ्या प्रोटीनची जीन) असते जी गॅल४ मिळाल्याशिवाय चालू होत नाही, दोन्हींचा क्रॉस (संकर) लावला की पिल्लांमध्ये तेवढीच जागा हिरवी चमकते. न्यूरॉनसाठी एलाव्ह, ग्लियासाठी (न्यूरॉनच्या आधारपेशी) रेपो, डोळ्यासाठी जीएमआर, हे नेहमीचे ड्रायव्हर, म्हणजे गॅल४ कुठे बनणार ते ठरवणाऱ्या लाईन.

पण व्हायलवरच्या लेबलवर विश्वास ठेवून थेट मुख्य प्रयोगाला हात घालू नका, हे आमचं स्पष्ट मत. आधी नुसत्या यूएएस-जीएफपीशी क्रॉस लावा आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. व्हायलच्या काचेवर चढायला लागलेली मोठी अळी घ्या, सलाईनच्या थेंबात एका चिमट्याने अंग धरा आणि दुसऱ्याने तोंडाचे काळे हूक हळूच ओढा, मागोमाग दोन पारदर्शक लांबट पिशव्या येतात, त्या लाळग्रंथी. फ्लुरोसन्सखाली त्या हिरव्यागार दिसल्या की पोरं घाबरतात, लाईन खराब आली म्हणतात. तसं नसतं, कितीतरी गॅल४ लाईन लाळग्रंथीत आपोआप चालू होतात, तो वेक्टरचाच (गॅल४ माशीत घालायला वापरलेल्या डीएनएचा) गुण आहे, तुमच्या टिश्यूशी त्याचा संबंध नाही. आणि याच ग्रंथींचा आरएनए काढून क्यूपीसीआर (जीन किती चालू आहे ते मोजायची चाचणी) करणार असाल तर कडेला चिकटलेली पांढरट फॅट बॉडी (अळीची चरबीची टिश्यू) आधी सोलून काढा, नाहीतर मोजाल फॅट बॉडीची जीन आणि रिपोर्टमध्ये लिहाल लाळग्रंथी!

कंट्रोल दोन हवेत, नुसता ड्रायव्हर आणि नुसती यूएएस. क्रॉससाठीच्या व्हर्जिन (नराशी संग न झालेल्या) माद्या २५ अंशावर कोषातून बाहेर पडल्यापासून ८ तासांच्या आत वेगळ्या करा, पोटावर नव्या माशीचा काळसर ठिपका दिसतोय तोवर काम सोपं.

आता आपल्याकडची खरी अडचण, तापमान. गॅल४ १८ अंशाला मंद चालतं आणि २९ ला जोरात, म्हणजे एप्रिलमध्ये दुपारी लाईट गेली, इनक्युबेटर बंद पडला आणि खोलीत ३८ झालं तर तुमचा एक्स्प्रेशनचा (जीन किती चालू आहे त्याचा) आकडाच बदलतो, वर ३० च्या पुढे बराच काळ राहिलेले नर वांझ व्हायला लागतात, मग क्रॉसमधून काहीच येत नाही आणि दोष खाद्याला. इनक्युबेटर इन्व्हर्टरवर घ्या, आत साधा मिनिमम-मॅक्झिमम थर्मामीटर ठेवा आणि रोज सकाळी वहीत आकडा लिहा.

गॅल४ लाईन आम्ही विकत नाही, त्या अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टन स्टॉक सेंटरहून मागवता येतात किंवा जवळच्या लॅबमधून हातोहात आणता येतात.

ऑर्डर देताना क्रॉस किती अंशाला ठेवणार ते नक्की सांगा. २५ ला अंड्यापासून माशी व्हायला १० दिवस, १८ ला जवळपास दुप्पट लागतात, तेवढे दिवस साधं खाद्य उन्हाळ्यात कडेने सुटून वाळतं, म्हणून १८ वाल्यांना आम्ही अगार जरा बदलून वेगळी बॅच करून देतो, पण ती आदल्या आठवड्यात सांगावी लागते.