श्रावणबाळ योजनेचा अर्ज: सोलापुरात प्रकरणे नेमकी कुठे अडतात

पासष्ट वर्षे पूर्ण झालेल्या निराधार वृद्धांना दरमहा १,५०० रुपये देणारी श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना सोलापुरात बहुतेकांना ऐकून माहीत आहे. तरीही जन्मभर विड्या वळलेल्या किंवा यंत्रमागावर राबलेल्या कितीतरी वृद्धांचे अर्ज त्रुटी दाखवून परत येतात, आणि अर्जदार खरोखर गरीब नाही म्हणून असे घडल्याचे फारच थोड्या वेळा दिसते. बहुतेक वेळा दोन कागद एकमेकांशी जुळत नाहीत, एवढेच कारण असते. म्हणून अर्ज भरण्याआधी कागद जुळवण्यावर वेळ घालवावा.

पात्रतेच्या अटी थोडक्यात अशा आहेत: वय ६५ किंवा त्याहून अधिक, महाराष्ट्रात किमान १५ वर्षे वास्तव्य, आणि एक तर दारिद्र्यरेषेखालील यादीत नाव किंवा कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत. वय ६५ पेक्षा कमी असलेल्या विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, दिव्यांग किंवा दुर्धर आजाराने ग्रस्त व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. दोन्हींचे काम तहसील कार्यालयाच्या एकाच शाखेत चालते.

सर्वांत मोठी अडचण वयाच्या पुराव्याची. जन्माची नोंद झालेली नाही, शाळेचे तोंड पाहिलेले नाही, अशा आजींकडे जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला कोठून येणार? योजनेच्या नियमांनाही हे मान्य आहे. शिधापत्रिकेतील किंवा मतदार यादीतील वयाचा उतारा चालतो, आणि तोही नसेल तर शासकीय रुग्णालयाच्या वैद्यकीय अधीक्षकांनी किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्यांनी दिलेला वयाचा दाखला चालतो. शहरातील लोकांना त्यासाठी सिव्हिलमध्ये, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालयात जावे लागते. खासगी डॉक्टरांच्या लेटरहेडवरचे प्रमाणपत्र आणू नये. ते ग्राह्य धरत नाहीत आणि दिलेले पैसे वाया जातात.

मात्र वैद्यकीय दाखला मिळाला म्हणजे प्रश्न सुटला, असे नाही. आधार नोंदणीच्या वेळी पुरावा नसलेल्यांचे वय अंदाजाने लिहिले गेले, त्यामुळे अनेकांच्या कार्डावर केवळ जन्मवर्ष किंवा १ जानेवारी ही तारीख आढळते. आधारवर वय ६१, शिधापत्रिकेवर ६६ आणि विडी कामगाराच्या ओळखपत्रावर तिसरेच, असे तीन कागद एकाच पिशवीतून निघतात. अर्जाबरोबर वयाचा कोणताही पुरावा जोडला, तरी आधारवरचे वय ६५ च्या खाली असेल तर प्रकरण हमखास अडते. आधारमधील जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, त्यामुळे ती संधी घाईने वापरू नये. हातातील सर्वांत जुना आणि भक्कम कागद कोणता ते पाहून मगच दुरुस्तीला जावे.

नावाचा घोळ सोलापुरात विशेष जाणवतो. तेलुगू भाषक कुटुंबांतील नावे एका कार्यालयात मराठी वळणाने, दुसऱ्यात तेलुगू वळणाने आणि तिसऱ्यात इंग्रजीवरून उलट मराठीत लिहिली गेली आहेत. लक्ष्मीबाई, लक्ष्मम्मा आणि लक्ष्मी ही एकच बाई आहे हे गल्लीतल्या प्रत्येकाला माहीत असते, पण संगणकाला माहीत नसते. आधार, बँकेचे पासबुक आणि शिधापत्रिका या तिन्हींवर नाव, पतीचे नाव आणि आडनाव एकसारखे असल्याची खात्री अर्जाआधीच करावी. फरक दिसला तर आधारवरील नाव प्रमाण धरून बाकीचे दोन कागद दुरुस्त करणे बहुधा सोपे जाते.

पत्त्याबाबतही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कुंभारी येथील गोदूताई परुळेकर वसाहत किंवा रे नगर येथे राहायला गेलेली कुटुंबे दक्षिण सोलापूर तालुक्यात मोडतात. शिधापत्रिका मात्र अनेकांची अजून शहरातल्या जुन्या पेठेतल्या पत्त्यावरच असते. मग शहराकडे अर्ज केला तर राहणे तिकडचे म्हणतात, आणि दक्षिण तहसीलकडे गेले तर कार्ड इकडचे म्हणतात. या ओढाताणीत सत्तरीच्या माणसाला जिने चढायला लावणे अन्यायाचे आहे, पण आजच्या घडीला उपाय एकच: आधी शिधापत्रिका आणि आधार नव्या पत्त्यावर करून घ्यावे, मग रहिवासाचा दाखला घ्यावा.

आता उत्पन्नाचा दाखला. येथे तीन वेगवेगळ्या मर्यादांची गल्लत होते. प्राधान्य कुटुंबाच्या धान्यासाठी शहरी भागात ५९,००० आणि ग्रामीण भागात ४४,००० रुपयांची मर्यादा आहे, लाडकी बहीण योजनेसाठी अडीच लाखांची, आणि श्रावणबाळसाठी फक्त २१,००० रुपयांची. महिन्याला १,७५० रुपयांत आज कोणते कुटुंब जगते, हा प्रश्न शासनाला विचारलाच पाहिजे. महागाई कुठल्या कुठे गेली आणि ही मर्यादा वर्षानुवर्षे तिथेच आहे. पण ती बदलेपर्यंत अर्ज तपासला जाणार तो तिच्यावरच. रेशनचे धान्य मिळते म्हणजे आपण आपोआप पात्र आहोत, असे समजू नये. पिवळी शिधापत्रिका असणे आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव असणे या गोष्टीही वेगळ्या आहेत. यादीचा साक्षांकित उतारा महानगरपालिकेकडून किंवा ग्रामपंचायतीकडून घ्यावा लागतो. विडी कामगाराला भविष्य निर्वाह निधीची पेन्शन मिळत असेल, तर तिचे किमान १,००० रुपयेदेखील वर्षाला १२,००० होतात, आणि ते लपवणे पुढे वसुलीच्या नोटिशीपर्यंत जाऊ शकते.

दाखल्यावर छापलेली मुदतही वाचावी. ती ३१ मार्चपर्यंत असेल आणि दाखला फेब्रुवारीत काढलेला असेल, तर निवड समितीची बैठक होईपर्यंत तो बाद होतो आणि सारे पुन्हा करावे लागते. शक्यतो एप्रिल लागताच दाखला काढून त्याच महिन्यात अर्ज द्यावा.

लाडकी बहीण योजनेचा लाभ घेणाऱ्या भगिनींनी हे नीट समजून घ्यावे: त्या योजनेची वयोमर्यादा ६५ आहे, पण ती ओलांडल्यावर श्रावणबाळचे पैसे आपोआप सुरू होत नाहीत. अर्ज नव्याने करावा लागतो, आणि तोही २१,००० च्या अटीत बसून. दोन्ही लाभ एकत्र घेता येत नाहीत.

अर्ज सेतू केंद्रातून किंवा तहसीलमध्ये देता येतो. छायाचित्र आणि कागदांच्या प्रती जोडाव्यात, पोच घ्यावी. कुणी स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करायला सांगितले, तर त्याची गरज कोणत्या नियमात आहे ते जरूर विचारावे, कारण स्वयंघोषणापत्र आणि स्वसाक्षांकित प्रती स्वीकारण्याचा निर्णय शासनाने २०१५ सालीच घेतलेला आहे. मंजुरी करून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये.

मंजुरीनंतरही पैसे न येण्याचे नेहमीचे कारण म्हणजे खाते. अनुदान आता थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जमा होते. बँकेत आधारची झेरॉक्स देणे वेगळे आणि थेट लाभासाठी खाते आधारशी संलग्न होणे वेगळे. बँकेकडून दुसऱ्या गोष्टीची खात्री करून घ्यावी. दोन-तीन बँकांत खाती असतील तर शेवटी संलग्न केलेल्या खात्यातच रक्कम जाते, आणि अनेकांचे पैसे मुलाने मध्येच उघडून दिलेल्या, विसरलेल्या खात्यात पडून असतात. दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नये. विड्या वळून बोटांचे ठसे झिजलेल्या बायकांची पडताळणी यंत्रावर होत नाही, तेव्हा अंगठा पुन:पुन्हा दाबायला न लावता डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या आधारे पडताळणी मागावी, आणि आधार केंद्रात ठसे नव्याने नोंदवावेत.

अर्ज नामंजूर झाल्याचे तोंडी सांगितले तर घरी परतू नये. कारण लेखी मागावे. ते मिळाले नाही तर १० रुपये शुल्क भरून माहितीच्या अधिकारात अर्जाची सद्यःस्थिती आणि समितीच्या बैठकीचे इतिवृत्त मागता येते. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला हे शुल्क लागत नाही.